चौपन्न चाळीस

'वीबके' हे आमच्या आगबोटीचं नाव. बोट कंपनीची होती, पण माझा नवरा ओन्नो तिच्यावर तांडेल होता, तेव्हा आमची म्हणायला हरकत नाही. मालकाच्या आईचं नाव तिला दिलं होतं. त्या बाईंना मासा चालायचा नाही, काटा अडकेल म्हणून. बोट पाण्यात सोडताना त्यांनी नाकाला रुमाल लावला होता आणि शकुनाची बाटली बोटीवर पहिल्या फटक्यात फुटलीच नाही. माझे वडील तेव्हाच पुटपुटले की हिचं काही खरं नाही. पण त्यांना जगातल्या कुठल्याच बोटीचं काही खरं वाटायचं नाही, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

मी जाळी विणणारी. जर्मनीच्या उत्तर किनार्‍यावर, गेस्टेम्युंडेच्या मासळी बंदरात, वर माळ्यावर आम्ही पंचवीस-तीस बायका दिवसभर उभ्या राहून जाळी विणायचो आणि खाली उभ्या असलेल्या तांडेलांचं बोलणं ऐकायचो. ते सगळे खोटं बोलायचे. त्यात वाईट काही नव्हतं, तो धंद्याचाच भाग होता. मासे कुठं मिळाले असं तांडेलाला विचारायचं नसतं, आणि विचारलंच तर उत्तर खरं धरायचं नसतं, हे आमच्याकडे पोरांना बोलायला लागल्याबरोबर कळतं. बोटींवर वायरलेस आले तेव्हा तर या कलेला बहर आला. ज्याच्या बोटीत मासा मावत नव्हता तो रडून सांगायचा की जाळ्यात नुसते खेकडे येताहेत. आमचे पाद्रीबुवा म्हणायचे, खोटी साक्ष देऊ नका ही देवाची आज्ञा सगळ्यांना लागू आहे, तांडेल सोडून. तेही मासे फुकट खायचे, म्हणून जपून बोलायचे.

माझे वडील, हायो, या कलेतले उस्ताद. त्यांच्याकडे एक जागा होती. समुद्राच्या तळाशी एक खोलगट भाग आहे, तिथं हिवाळ्यात कॉड मासा येऊन बसतो. आमच्या घरात तिला 'परात' म्हणत. आयुष्यभर त्यांनी ती कुणाला दाखवली नाही. मग संधिवातानं बोटं वाकडी झाली, जाळं ओढायच्या विंचची कळ धरता येईना, तेव्हा एका रविवारी त्यांनी माझ्या धाकट्या भावाला, आयलर्टला, आणि माझ्या नवर्‍याला माझ्या स्वयंपाकघरात बोलावलं. मलाही बाहेर जायला सांगितलं नाही. बाईमाणसाला समुद्रातलं काय कळतंय, म्हणून. कपाटाच्या दाराला आतून त्यांनी आपला जुना नकाशा चिकटवला होता. तो उघडून ते म्हणाले, "ऐका रे. परात इथं. चौपन्न अंश, पन्नास मिनिटं."

समुद्राच्या नकाशात उत्तरेकडे एक मिनिट म्हणजे एक मैल, एवढं मलाही येत होतं.

"वायरलेसवर मात्र चाळीस म्हणायचं," बाबा म्हणाले. "नेहमी दहा कमी. जगाला चाळीस, तुम्हा दोघांना पन्नास. एकानं चाळीस म्हटलं की दुसर्‍यानं गुपचूप दहा मैल वर यायचं. कळलं का, बैलांनो?"

"आणि खरंच चाळीसला असलो तर?" ओन्नोनं विचारलं.

"चाळीसला काय आहे? वाळू. तिथं कशाला मरायला जाशील?"

आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसले असेन, कारण ओन्नोचा चेहरा तेव्हा शाळेत चुकीचं उत्तर दिलेल्या पोरासारखा झाला होता. तो मूळचा शेतकर्‍याचा मुलगा, नदीपलीकडचा. खोटं बोलणं त्याला शिकावं लागलं. पण शिकला तो, आणि चांगला शिकला. त्याचं आणि आयलर्टचं मेतकूट मग असं जमलं की लोक त्यांनाच सख्खे भाऊ समजायचे. ओन्नो वायरलेसवर रडक्या आवाजात म्हणायचा, "चौपन्न चाळीस, काही नाही, हात गोठले," आणि आयलर्ट आपल्या 'कीबिट्स' बोटीचं तोंड वळवून दहा मैल उत्तरेला जायचा. तिथं ओन्नो डेकवर गुडघाभर कॉडमध्ये उभा असायचा. "आलास? मला वाटलं तुला ऐकू गेलं नाही." "ऐकू गेलं. एवढं वाईट रडतोस की आइसलँडपर्यंत जाईल." घरी आले की हीच हकीकत जेवताना पुन्हा सांगायचे, आणि मी म्हणायचे, आता बटाटे गार होताहेत.

मग लढाई आली आणि बोटी गेल्या. माणसं नंतर, आधी बोटी. एका शरद ऋतूत 'वीबके' गोदीत नेली आणि परत आली ती राखाडी. नाव खरवडून काढलं होतं, त्या जागी एक नंबर. पुढं, जिथं मासा ओतायचे तिथं, लोखंडी चौथरा आणि त्यावर तोफ. मासे ठेवायच्या खणात तोफेचे गोळे आणि नौदलाच्या पोरांच्या झोपायच्या झोळ्या टांगलेल्या. कितीही घासा, त्या खणाचा वास गेला नाही. ती पोरं रजेवर घरी गेली की त्यांच्या आया म्हणे खिडक्या उघडायच्या. एक विंच तेवढा ठेवला, पाणसुरुंग ओढून काढायच्या दोर्‍यांसाठी. ओन्नो आणि त्याचे खलाशी बोटीसकटच भरती झाले. त्याच्या डोक्यावर एक साहेब बसवला, लेफ्टनंट, मूळचा विमा कंपनीतला माणूस. 'कीबिट्स'चंही तेच झालं.

काम काय, तर पहारा. समुद्रावर एक ओळ आखून दिलेली, तिच्यावर ठरलेल्या जागी उभं राहायचं, विमानं दिसली की कळवायचं, सुरुंग दिसले की फोडायचे. ओन्नोला मिळालेली जागा होती चौपन्न चाळीस. पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा हसून हसून त्याला बोलता येईना. "बाबा, सरकारनं मला तुमच्या वाळूवर उभं केलंय!"

"मग दहा मैल वर जा," बाबा म्हणाले.

आणि तो गेला. कोळशाच्या खणात, कोळशाखाली, एक जाळं लपवलेलं असायचं. ते आम्हीच विणलेलं, उरल्यासुरल्या सुतातून. माळ्यावरच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं आणि सगळ्यांच्या घरी त्यातला मासा जायचा. गावात तेव्हा कुपनावर जे मिळायचं त्यानं मांजरही जगलं नसतं. त्या विमावाल्या साहेबानं एकदा जाळं पाहिलं आणि विचारलं, "हे काय?"

"शत्रूला फसवायला, साहेब," ओन्नो म्हणाला. "त्याला वाटावं आम्ही साधे कोळी आहोत."

"वाटेल," साहेब म्हणाला. "वासावरून." त्या दिवशी त्याला तळलेल्या कॉडची पहिली प्लेट मिळाली, आणि त्यानंतर तो नकाशाकडे फारसा बघेनासा झाला. मुख्यालयाला ओन्नो कळवायचा, जागेवर आहे, चौपन्न चाळीस. मुख्यालयाला तेच हवं असायचं. आणि आयलर्टला कळायचं की परातीवर मासा लागलाय.

तीन हिवाळे असे गेले. मला सुख होतं असं म्हणणार नाही, पण रोज भीतीनं मरत होते असंही नाही. माझ्या डोक्यात एकच हिशोब होता: या दोघांपैकी एकाला काही झालं तर दुसरा शेजारीच आहे. बाबाही तेच म्हणायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी नौदलाचा एक जाडा गृहस्थ दारात आला. त्यानं टोपी काढली तेव्हाच मला कळलं. 'वीबके' सुरुंगावर गेली होती. धुकं फार होतं, बाई, तो म्हणाला. शोध घेतला, 'कीबिट्स'नंच घेतला, पण धुक्यात काही दिसलं नाही. एक स्वयंपाकी तेवढा दुसर्‍या दिवशी सापडला. बाकी सगळे गेले. त्यानं मला खुर्चीवर बसायला सांगितलं, माझ्याच घरात.

दोन दिवसांनी आयलर्ट आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी त्याला मिठी मारली आणि विचारलं, "त्याला त्रास झाला का रे?"

"नाही गं टाल्के," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. "लगेच गेला असेल. बोट दोन मिनिटांत बुडाली. त्याला कळलंही नसेल."

"आणि धुकं?"

"हात पुढं केला तर दिसत नव्हता."

तो माझा भाऊ. लहानपणी त्याला मी कडेवर घेऊन हिंडलेय. खरं बोलताना तो जमिनीकडे बघतो आणि खोटं बोलताना डोळ्यांत, हे मला कसं माहीत नसेल? पण मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून हा काहीतरी लपवतोय. प्रेतं फार वाईट अवस्थेत असतील. मी त्याला मटाराचं सूप वाढलं. त्यानं दोन चमचे घेतले आणि बाहेर जाऊन ओकला.

स्वयंपाकी हिन्नर्क वसंत ऋतूत इस्पितळातून सुटला. गोल, बडबड्या माणूस, आता कातडी सैल झालेली, डाव्या हाताची बोटं गेलेली. तो भर दुपारी आला. बाबा खिडकीपाशी बसले होते. मी चिकोरीची कॉफी केली आणि म्हटलं, "हिन्नर्क, धुक्यामुळे घात झाला म्हणायचा."

"धुकं?" तो म्हणाला. "कसलं धुकं, बाई? असा लख्ख दिवस सगळ्या हिवाळ्यात पडला नव्हता."

बाबांची खुर्ची वाजली. मी कप खाली ठेवला.

हिन्नर्कला थांबता आलं नाही. त्याला वाटत होतं आम्हाला सगळं माहीत आहे. त्यानं सांगितलं की जानेवारीच्या शेवटी विमावाल्या साहेबाची बदली झाली आणि कुक्सहाफेन बंदरात नवीन साहेब चढला, विशीतला, कडक इस्त्रीचा. त्यानं पहिल्याच दिवशी कोळशात हात घालून जाळं शोधून काढलं आणि समुद्रात टाकायला लावलं. म्हणाला, जागा सोडली तर कोर्टासमोर उभा करीन. मग काय, पंधरवडाभर ओन्नो खरोखरच चौपन्न चाळीसवर उभा होता. वाळूवर. 'कीबिट्स' तेव्हा बॉयलरच्या दुरुस्तीला गोदीत होती. त्या दिवशी सकाळीच ती परत ओळीवर आली होती. आयलर्टला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"सुरुंग मागच्या बाजूला लागला," हिन्नर्क म्हणाला. "दोन मिनिटं? छे. अर्धा तास तरी तरंगली ती. म्हातारी जाता जात नव्हती. ओन्नोनं स्वतः वायरलेसवर सांगितलं. मी बाजूलाच होतो. बुडतोय, चौपन्न चाळीस, असं तीनदा म्हणाला. आणि आयलर्टचा आवाज आला, ऐकलं, निघालो. ओन्नो आम्हाला म्हणाला, पोरांनो, मेव्हणा येतोय, कॉफी तयार ठेवायला सांगू का? आम्ही हसलो, खरंच हसलो. तराफ्यावर नऊ जण होतो. तो इस्त्रीचा साहेबसुद्धा होता. रडत होता बिचारा."

"मग?" मी विचारलं.

"मग दुपारी धूर दिसला. उत्तरेला, पार क्षितिजाला. आगबोटीचा धूर. पूर्वेला जायचा, परत पश्चिमेला यायचा. आम्ही ओरडलो. एवढ्या लांबून काय ऐकू येणार? इशार्‍याचे बार भिजले होते, एकही उडाला नाही. ओन्नो नुसता त्या धुराकडे बघत बसला. मी म्हटलं, अरे, हे लोक तिकडं काय शोधताहेत? तेव्हा तो म्हणाला..." हिन्नर्कनं कॉफीच्या कपात पाहिलं. "म्हणाला, तो बरोबर जागेवर गेलाय. मीच खरं बोललो. मी तीस म्हणायला हवं होतं."

मी उठून चुलीत कोळसा घातला. चुलीत आधीच कोळसा होता.

"सूर्य बुडेपर्यंत धूर दिसत होता," हिन्नर्क म्हणाला. "ओन्नो त्याच सुमारास गेला. शेवटी तो रागात नव्हता, बाई, एवढं सांगतो. त्याला आयलर्टचीच काळजी लागली होती. त्याला सांगू नका, म्हणाला."

त्यानं बोटं नसलेल्या हातानं टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. "शिकवलं मीच," ते म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. बापाला असं मी कधी बोलले नव्हते.

'कीबिट्स' त्या आठवड्यात कोळसा भरायला धक्क्याला लागली होती. मी माळ्यावरच्या एप्रनमध्येच गेले. आयलर्ट शिडीपाशी उभा होता. मला बघून त्यानं जमिनीकडे पाहिलं. मग मला काही विचारायची गरजच राहिली नाही, तरी मी विचारलं.

"त्यानं चाळीस सांगितलं होतं ना?"

"हो."

"आणि तू पन्नासला गेलास."

"हो."

"बुडणारा माणूस सांगतोय रे! बुडणारा माणूस खोटं बोलेल का?"

"मुख्यालय ऐकत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, बिचारा परातीवर सुरुंगाला सापडला आणि आता बुडतानाही त्याला जागेवरच आहे असं दाखवावं लागतंय. नाहीतर वाचल्यावर कोर्ट. म्हणून म्हणतोय चाळीस. मला कळेलच म्हणून म्हणतोय. माझ्या साहेबानं नकाशावर बोट ठेवलं, म्हणाला, चाळीस इथं आहे. मी म्हटलं, साहेब, तुम्ही मला सांगू नका, मी त्याला ओळखतो. दहा वर्षांत त्यानं मला एकदाही खरी जागा सांगितली नाही गं. एकदाही नाही. मी कसा विचार करणार की आज सांगेल?"

"शोधून सापडला नाही तेव्हा तरी?"

"वाटलं, भरतीनं तराफा वाहिला असेल. पूर्वेला शोधला, पश्चिमेला शोधला. दक्षिणेचं डोक्यात आलं तेव्हा अंधार पडला होता."

"आणि धुकं कुणी पाडलं?"

"माझ्या साहेबानं. अहवालात. त्याचीही मान अडकली होती." मग तो म्हणाला, "सांग तू कुणाला सांगायचं तर. मी अडवणार नाही."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला भिंतीशी उभा करून गोळी घातली असती, आणि माझ्या गल्लीत आणखी चार बायका होत्या, त्यांचे नवरे त्याच तराफ्यावर होते. धुक्याला शिव्या देऊन त्या जगत होत्या. त्यांच्या हातून तेवढं कशाला काढून घ्यायचं? पण आयलर्टला मी म्हटलं, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. बाबांना भेटायचं तर मी कामावर असताना ये." एका माणसाला मारल्यासारखं बोलले मी, आणि मला बरं वाटलं. तो फक्त मान हलवत राहिला.

लढाई संपायच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात आमच्यावर विमानांतून आग पडली. एका संध्याकाळी सगळं गाव गेलं. लोकांनी गाद्या वाचवल्या, भांडी वाचवली, एकीनं शिवणयंत्र ओढत आणलं. माझ्या बापानं कपाटाचं दार बिजागरीतून उचकटून पाठीवर आणलं. नुसतं दार, आतल्या नकाशासाठी. मी रस्त्यात उभी राहून त्यांना इतकं बोलले की आगीत होरपळलेले लोक थांबून ऐकायला लागले. नंतर आम्हाला मासळी बंदराजवळ एका पत्र्याच्या खोलीत जागा मिळाली, तिथं ते दार आम्ही भिंतीला टेकवून ठेवलं. बसायला खुर्ची नव्हती, पण समुद्र होता.

'कीबिट्स' लढाईतून वाचली. इंग्रजांनी तिच्यावरची तोफ काढली आणि दोन वर्षं सुरुंग गोळा करायला लावलं, मग मासेमारीला सोडलं. आयलर्ट तिच्यावर पुन्हा तांडेल झाला. लोक म्हणत, तो चांगला मासा आणतो, पण त्याला काहीतरी झालंय. लग्न केलं नाही. पीत नाही. बाबांना भेटायला यायचा तो मी माळ्यावर असताना, आणि जाताना पत्र्याच्या दाराबाहेर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कॉड ठेवायचा. मी तो शेजारणीला द्यायचे. बाबा एकदा म्हणाले, "मी मरायच्या आधी तुम्ही दोघं एकदा एका टेबलाशी जेवा. माझ्यासमोर. एवढंच."

"टेबलच नाही आपल्याकडे," मी म्हटलं.

मग टेबल आलं, आणि एक जुना रेडिओही आला. त्यावर बोटींचं बोलणं ऐकू यायचं. आमच्या बंदरातल्या सगळ्या बायका तेच ऐकायच्या; नवरा कुठं आहे ते खरं कळणार नाही हे ठाऊक असूनसुद्धा आवाज तर कळायचा. बाबांना दिवसभर ते लागायचं. मी तोंड वाकडं करायचे आणि जाळं विणत तिथंच बसायचे. आता घरी आणूनही विणायला मिळत होतं.

फेब्रुवारीचा दिवस होता. सकाळचं ऊन पत्र्यावर पडलेलं, सुई माझ्या हातात. रेडिओवर तांडेलांचं नेहमीचं रडगाणं चाललं होतं: खेकडे, दगड, जाळ्याची फाटलेली खोळ. मग आयलर्टचा आवाज आला. मी रेडिओ बंद करायला उठले.

"इथं 'कीबिट्स'," तो म्हणाला. "चौपन्न चाळीस. काही नाही इथं. मी जाळं टाकलेलं नाही. इंजिन बंद करून उभा आहे."

"इंजिन बंद!" कुणीतरी खदाखदा हसलं. "ऐकलं का रे? विंच ओरडतोय त्याचा माशांच्या वजनानं, आणि म्हणे इंजिन बंद!"

"दरवर्षी याच दिवशी हेच सांगतो लेकाचा," दुसरा म्हणाला. "चाळीसला वाळूत उभा राहून काय प्रार्थना करतोस काय, आयलर्ट?"

"हो," आयलर्ट म्हणाला.

यावर तर ते सगळे असे हसले की रेडिओ खरखरला.

मी नकाशासमोर उभी होते. कधी तिथं गेले मला कळलं नाही. हातातली सुई मी नकाशावर टेकवली होती, तो कुठं आहे ते बघायला. माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "कुठं आहे गं तो?"

"हा काय, इथं," मी म्हटलं.

बाबा काठी टेकत उठले, जवळ आले, डोळे बारीक करून त्यांनी सुईचं टोक पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "खाली घे, पोरी."

सुई पन्नासवर होती. परातीच्या बरोबर मध्यावर.

मी ऐकलं होतं चाळीस. माझ्याच नवर्‍याच्या थडग्याचा आकडा तो, झोपेतही विसरणार नाही असा. ओन्नो गेला त्याच तारखेला आयलर्ट त्या जागेशिवाय दुसरीकडे कुठं असणार होता? तरी माझा हात सरळ दहा मैल वर गेला होता, आणि मला त्यात काही चुकलं असं वाटलंही नव्हतं. बाबांनी मला धरलं की मी त्यांना, आता सांगता येणार नाही.

'कीबिट्स' दोन दिवसांनी लागली. मी धक्क्यावर गेले. बर्फ उतरवत होते, माशांच्या टोपल्या वर येत होत्या, आयलर्ट शिडी उतरून खाली आला आणि मला बघून जागच्या जागी थांबला. केस पांढरे झाले होते त्याचे. मी कधी पाहिले नव्हते.

"बाबा?" त्यानं घाबरून विचारलं.

"बाबा बरे आहेत. मीही पन्नासलाच गेले असते, आयलर्ट."

तो जमिनीकडे बघायला लागला. "कुणी सांगितलं तुला असं बोलायला? बाबांनी?"

"कुणी नाही. माझा हातच गेला."

त्यानं टोपी काढली आणि तोंडावर धरली. आजूबाजूचे खलाशी टोपल्या घेऊन आम्हाला वळसा घालून जात होते. मी त्याची बाही धरली आणि त्याला ओढत घरी नेलं, जसं लहानपणी न्यायची तसं, कारण बाबांनी टेबलावर तीन प्लेटी मांडल्या होत्या आणि बटाटे गार होत होते.